मावेलबाई आणि कोपऱ्यातले हात

"बाई, तो दुसरा ट्रॅक काढून टाका," मालक दारातूनच म्हणाले. "संध्याकाळी डिस्क छापणाऱ्या कारखान्याची गाडी येतेय, आणि तुमचा सिनेमा अजून डिस्कच्या बाहेर लोंबतोय."

बाईंनी मान वर केली नाही. समोरच्या पडद्यावर दोन लांबलचक पट्ट्या होत्या. दोन्हींवर एकच सिनेमा, आणि दोन्ही मिळून डिस्कमध्ये मावत नव्हत्या. इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून कुठल्याही सिनेमाबद्दल 'मावत नाही' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. आजही त्यांना ते उच्चारायचे नव्हते, म्हणून त्या गप्प होत्या.

सिनेमांच्या डिस्क तयार करणाऱ्या त्या कचेरीत सगळे त्यांना मावेलबाई म्हणत. कुणी कितीही लांब सिनेमा आणो, त्याला वर मुलाखतींची आणि जाहिरातींची शेपटं जोडून आणो, बाई एकदा चष्म्यातून बघत आणि म्हणत, "मावेल हो." आणि मावायचंही. एखादा माणूस खुर्चीत स्वस्थ बसलाय, तर त्याचं चित्र थोडक्या जागेत भागवायचं; गर्दी, धावपळ, मारामारी आली की तिथे सढळ हाताने जागा द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. डिस्कच्या पोटात दोन थर असतात. वरचा थर संपवून प्लेअर दुसऱ्या थराकडे वळतो तेव्हा चित्र क्षणभर अडखळतं. बाई तो अडखळा नेमका काळोखाच्या प्रसंगात लपवत, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नसे. त्यांच्या लग्नाचा विषय कुणी काढला तर म्हणत, "तेवढं मात्र माझ्या घरात मावायचं नाही." घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच होते.

हा धाकटा लहानपणी तापाने फणफणला आणि ताप उतरला तेव्हा त्याचे कान गेले होते. तेव्हापासून बाई त्याचे कान झाल्या. दोघं सिनेमाला गेली की बाई अंधारात हातवारे करून त्याला संवाद सांगायच्या. पडद्याचा उजेड हातांवर पडावा म्हणून हात जरा उंच धरावे लागत. मग मागून कुणीतरी खेकसायचं, "ए पोरी, हात खाली कर!" एकदा एका गृहस्थाने तर दोघांना बाहेर काढायला लावलं. बाहेर पायरीवर बसून बाईंनी उरलेला सिनेमा मनाने रचून धाकट्याला सांगितला, आणि तो म्हणतो की आजवरचा सगळ्यात चांगला सिनेमा तोच.

आता धाकटा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता, केस पांढरे व्हायला लागले होते, आणि तरीही घरी डिस्क लावली की बाईंना टीव्हीच्या शेजारी उभं राहावं लागे. खाली अक्षरं उमटतात, पण अक्षरं वाचेपर्यंत चेहरा निघून जातो, ही त्याची तक्रार. त्याची भाषा हातांची. हल्ली बाईंचे खांदे दुखत. सिनेमा अर्धा झाला की धाकटा आपणहून टीव्ही बंद करायचा आणि झोप आली म्हणून खोटं सांगायचा. बाईंना ते खोटं कळायचं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

म्हणून या सिनेमाच्या दिग्दर्शकांपाशी बाईंनी धरणं धरलं होतं. खुणांची भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकांना त्यांनीच गाठलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि अख्खा सिनेमा त्यांच्या हातांनी बोलून घेतला. पण घरातल्या साध्या प्लेअरला एका चित्रावर दुसरं चित्र धड बसवता येत नाही. म्हणजे सबंध सिनेमाच पुन्हा ठेवायचा, कोपऱ्यात शिक्षिकांसकट. एक साधा ट्रॅक, एक हातांचा ट्रॅक. मालक आधी 'बघू' म्हणाले होते. आता ते नाही म्हणत होते.

"खाली अक्षरं देतोय ना आपण? मग झालं तर," मालक म्हणाले. "एकच सिनेमा दोनदा ठेवायची चैन आपल्याला परवडणार नाही. दोन डिस्कचा संच काढायला निर्माते तयार नाहीत."

"मला दुपारपर्यंत द्या, साहेब."

"दुपारपर्यंत. त्यानंतर मी स्वतः येऊन काढतो."

आणि हा माणूस बोलला की करणारा होता. दुसरा ट्रॅक गेला की धाकट्याचा सिनेमा गेला; आणि असा सिनेमा पुन्हा कधी त्यांच्या टेबलावर येईल, आला तरी कुणी ऐकेल, याचा काय भरवसा?

मग त्यांना सुचलं. दोन्ही ट्रॅक जिथे वेगळे आहेत तिथेच फक्त दोनदा ठेवायचे. जिथे पडद्यावर कुणी बोलतच नाही, तिथे हातांचं काय काम? तिथे साधा तुकडा एकदाच ठेवायचा आणि दोन्ही ट्रॅकना त्याच तुकड्यावरून जायला लावायचं. वाट फुटते, पुन्हा एक होते, पुन्हा फुटते. सिनेमा संथ होता. लोक बराच वेळ नुसते चालत होते, बसत होते, बघत होते. बाईंनी कानांना हेडफोन लावले आणि जिथे जिथे बोलणं नाही तिथे तिथे कात्री चालवायला सुरुवात केली. जेवणाचा डबा तसाच राहिला.

दुपारी मालक आले. संगणकाच्या यादीत दोन पूर्ण लांबीचे सिनेमे बघून त्यांचा पारा चढला. "अहो, या दोघांची बेरीज डिस्कपेक्षा मोठी आहे! मला काय वेड्यात काढताय?"

"बेरीज फसवी आहे साहेब. जे तुकडे सामाईक आहेत, ते दोन्हीकडे मोजले गेलेत."

"म्हणजे एकाच माणसाची दोन घरांत शिरगणती."

"अगदी तसंच."

मालक हसले. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांना एकदम भूक लागली. डिस्क काठोकाठ भरली होती, पण मावली होती.

चाचणीची डिस्क निघाल्यावर त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. बांधणीचा कारखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. तो आला तेव्हा त्याच्या बोटांना अजून खळ चिकटलेली होती. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि जिथे जिथे वाट फुटते ते सगळे सांधे दाखवायला घेतले. कोपऱ्यात शिक्षिकांचे हात दिसले तसा धाकटा खुर्चीत सावरून बसला. बाई आज उभ्या नव्हत्या, त्याच्या शेजारी बसल्या होत्या. तो एकदा पडद्याकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे, आणि हसायचा.

सांधे बेमालूम जमले होते. शेवटाकडचा एक प्रसंग आला. स्वयंपाकघरात एक बाप एकटाच बसलाय, हातात कप आहे. कप तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबतो. नुसता थांबतो. पुढच्या प्रसंगात तो घराला कुलूप लावून चालू लागतो.

धाकट्याने बाईंच्या दंडाला हात लावला. "हा घर सोडून का चालला? मुलगा कुठे गेला?" त्याने हातांनी विचारलं.

बाईंनी प्रसंग थांबवला. त्या प्रसंगात कुणी बोलत नाही हे खरं. पण आतल्या खोलीतून आजारी मुलाचा खोकला ऐकू येत असतो. येतो, थांबतो, पुन्हा येतो. आणि मग येत नाही. सगळा सिनेमा त्या न आलेल्या खोकल्यासाठी रचलेला होता. शिक्षिकांनी तो हातांनी सांगितलाही होता, आणि बाईंनी तो कापून टाकला होता. कुणी बोलत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, हे ज्याचे कान शाबूत आहेत त्यालाच सुचू शकतं. जन्मभर त्याचे कान होऊन राहिलेल्या बाईला ते सुचावं, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. धाकट्याला तो कळला नाही. त्याला बाईंचा उतरलेला चेहरा मात्र कळला.

आता काय करायचं? तो प्रसंग दोन्ही ट्रॅकवर वेगळा ठेवायला डिस्कमध्ये तसूभर जागा नव्हती. सगळा सिनेमा पुन्हा दाबून बसवायचा तर उद्या उजाडेल, आणि गाडी दारात उभी. बाईंनी कपाळ चोळलं. वाट एकच असेल तर ती कुणाची असावी? त्यांनी सामाईक जागेतला साधा तुकडा उचलला आणि तिथे हातांचा तुकडा बसवला. लांबी तीच आणि वजनही तेच. फक्त आता तो प्रसंग सगळ्यांनाच हातांसकट दिसणार होता.

एवढ्यात मालक वर आले. पडद्यावर नजर गेली आणि त्यांनी डोक्याला हात लावला. "साध्या ट्रॅकवर ही बाई कुठून आली? अहो, सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग, आणि कोपऱ्यात कुणीतरी हात हलवतंय! लोक डिस्क परत आणून तोंडावर मारतील!"

"मारू देत. चूक माझी आहे साहेब, मीच कापलं होतं ते. दुसरा मार्ग नाही."

"मार्ग आहे. आधी होतं तसं करा. एका प्रसंगाने त्या लोकांचं काय अडणार आहे?"

"सगळं अडणार आहे."

"बाई, मी सांगतोय. पाच मिनिटांत पहिल्यासारखं करून द्या, नाहीतर मी हा अख्खा ट्रॅकच काढतो."

बाईंचे हात कळफलकावर नुसतेच राहिले. हा सगळा वेळ धाकटा पडद्यापाशी होता. त्याने स्वतःच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला होता. कोपऱ्यातले हात सांगत होते: खोकला. खोकला. शांत. पुन्हा खोकला. मग हात थांबले, हवेत तसेच राहिले, आणि हळूहळू खाली आले. बापाचा कपही तिथेच थांबला होता.

धाकटा वळला.

"बाबा गेले तेव्हा," तो हातांनी म्हणाला, "तू चहा गाळत होतीस. मी समोर बसलो होतो. तू अशीच थांबलीस."

बाईंनी मान हलवली.

"भिंतीपलीकडून तुला कळलं होतं? तेव्हाच?"

त्यांनी पुन्हा मान हलवली. वडिलांच्या घशाची ती घरघर अख्खा दिवस घरात भरून राहिली होती, आणि एका क्षणी ती नव्हती.

धाकट्याचे हात फार सावकाश चालले होते. मालक एकदा त्याच्याकडे आणि एकदा बाईंकडे बघत होते. खाली हॉर्न पुन्हा वाजला, पण ते जागचे हलले नाहीत.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर जगाचं बोलणं धाकट्याच्या हातात देणाऱ्या बाईंना त्याचं बोलणं जगाला सांगायची वेळ फारशी आली नव्हती.

"तो म्हणतोय, वडील गेले तेव्हा तो माझ्यासमोरच बसला होता. माझा हात थांबलेला त्याने बघितला." बाईंनी त्याच्या हातांकडे बघत पुढचं सांगितलं. "तो म्हणतोय, मला वाटलं ताईचा हात भाजला. म्हणून मी तिला ओढत नळाखाली घेऊन गेलो आणि किती वेळ तिच्या हातावर पाणी सोडत राहिलो."

मालकांनी छपाईला जाणाऱ्या मूळ डिस्कचं खोकं पुढे सरकवलं, बाईंनी हातांसकटची नवी प्रत काढून आत ठेवेपर्यंत ते थांबले, आणि मग खोकं उचलून स्वतःच जिना उतरून गाडीपाशी गेले.