विसळलेल्या बाटल्या

सातवीत माझी शाळा सुटली. पुढं नवऱ्याच्या नोकरीमागे कोकणातून धुळ्याला आले, तेव्हा धुणीभांडी सोडून दुसरं काम येत नव्हतं. एका कारखान्यात लागले, तिथंही तेच मिळालं. हॉटेलांतलं तळून काळं झालेलं तेल आणून इथं त्याचं बायोडिझेल करतात. प्रत्येक टाकी तपासायची आणि निकाल सरकारला कळवायचा, असा नियम. तपासणाऱ्या मॅडम अमळनेरच्या. त्यांच्या बाटल्या धुऊन वाळवणं माझ्याकडे.

मागच्या उन्हाळ्यात न कळवता सरकारी साहेब आले, टाकीतले नमुने घ्यायला. मॅडम म्हणाल्या, "ताई, तीन बाटल्या आणा." झाकणं काढली तर तोंडाशी धूळ. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायचं तर भांडं आधी विसळतात. मी तिन्ही बाटल्या नळाखाली विसळल्या, उलट्या झटकल्या, पदरानं पुसल्या आणि नेऊन दिल्या. तपकिरी काचेतून आतलं काही दिसत नव्हतं.

बाटल्या भरल्या, लाखेची सीलं लागली. मग साहेबांनी विचारलं, "कोरड्या होत्या ना?"

"कालच वाळवल्यात," म्हणत मॅडमनी सही केली.

डिझेलात पाणी सापडलं की टाकी नापास, एवढं ऐकून माहीत होतं. गप्प राहिले तर मॅडमची सही खोटी ठरणार, बोलले तर माझं काम जाणार.

"मी विसळल्या त्या. आत्ताच. पाण्यानं."

मालक बाजूलाच होते. सगळे त्यांना नाना म्हणतात. "ए कोकणी! डिझेल शे ते, सोलकढी नही! साहेब, फोडा ना ते सील."

"लागलेलं सील मला फोडता येत नाही, नाना. बाईंचं म्हणणं लिहून घेतो, कोरड्या बाटल्यांत दुसरे नमुने घेतो. दोन्ही तपासायला जातील. तोवर या टाकीतलं थेंबभरही विकायचं नाही." आणि टाकीला कुलूप लागलं.

दुपारी मॅडमनी सरकारला अहवाल लिहिला आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "तुमचं नाव आहे यात. वाचा, मग पाठवते."

शाळेनंतर मी मोठ्यानं काही वाचलंच नव्हतं. अडखळत वाचत गेले. 'बाटली ज्याचा नमुना घ्यायचा त्याच डिझेलने विसळायची असते, हे मी यांना शिकवले नव्हते,' इथं थांबले.

"पण केलं तर मीच ना?"

"केलं तुम्ही. सांगितलं नव्हतं मी. वाचा पुढे." मग घरच्या बोलीत म्हणाल्या, "भिऊ नका ताई, बठ्ठं ठीक व्हई जाई."

त्या ओरडल्या असत्या तरी मला चाललं असतं. इतक्या लांबच्या मुलखात माझी चूक अर्धी आपल्या अंगावर घेणारं कुणी भेटेल, असं वाटलं नव्हतं.

निकाल येईपर्यंत फोन वाजला की हातातली बाटली खाली ठेवायची. नाना येता-जाता विचारायचे, "काय कोकणी, काय म्हणतं तुझं पाणी?" पण घरी बस, असं एकदाही म्हणाले नाहीत.

शेवटी पत्र आलं. पहिल्या नमुन्यांत पाणी, दुसरे स्वच्छ. माझा जबाब जोडलेला होता, म्हणून टाकी पास. पत्रासोबत आलेली टाकीची किल्ली नानांनी माझ्यापुढे धरली. "घे, उघाड आते तूच."

इतके दिवस बंद असलेलं कुलूप, किल्ली लागेना. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही, घाईही केली नाही. तिसऱ्या खेपेला कुलूप निघालं.