जिनच्या तुळयांची दारं

"जुनं लाकूड आमच्या स्वयंपाकघरात चालणार नाही," देवपूरचे मास्तर दुकानात येऊन म्हणाले. त्यांच्या कपाटाच्या चौकटी तेव्हा तयार होऊन भिंतीला टेकलेल्या होत्या.

धुळ्यात माझं दुकान नवीन होतं. त्याआधी मी एका वखारीत रंधा मारायचो. शेठ मला कारागीर म्हणायचे आणि मजुराची मजुरी द्यायचे. मी बाहेर पडलो हे त्यांना पचलं नव्हतं.

मास्तरांचं बजेट लहान, हौस मोठी. काचेची दारं हवी होती. मी म्हणालो, "चुलीत पऱ्हाटी, कापसाच्या काड्या जाळता, त्या धुरानं काच महिन्यात काळी होईल. वर जाळीचं दार लावू, दूध-भाकरीला हवा लागेल. खाली फळीचं दार. आतले कप्पे आंब्याच्या लाकडाचे करू, ते कोण पाहतंय?"

ते पटलं. दारं मात्र सागाचीच हवी होती. त्या पैशात नवं साग मिळायचं ते ओलं, आणि ओल्या लाकडाचं दार पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं. जळगावला एका जिनचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, गोदाम पाडत होते. तिथल्या सागाच्या तुळया मी भांडून भांडून घेतल्या. सगळं भांडवल त्यात गेलं. हे काम फिरलं असतं तर दुकान बंद, आणि पुन्हा शेठची वखार.

"चालणार नाही, कोण म्हणतं?" मी मास्तरांना विचारलं.

"आई. शेठनी तिला सांगितलं, पडक्या घराचं लाकूड आहे. त्या घरात माणूस उरलं नाही."

माझं डोकं फिरलं. "मग शेठकडूनच करून घ्या."

मास्तर निघाले. कोपऱ्यावर मी त्यांना गाठलं. "तुमच्या आईंना, अक्कांना, एकदा आणा. त्या नाही म्हणाल्या तर इसार परत."

अक्का मूळच्या सोनगीरच्या, बोलणं अहिराणी. आल्या त्या थेट लाकडाकडेच गेल्या.

"खरं सांग भाऊ, हाई लाकूड कोना घरनं शे?"

"घराचं नाही, जिनचं आहे."

"शेठ त् दुसरंच सांगे."

"शेठनी तुळई पाहिली का? तुम्ही पाहा."

एक तुळई अजून कापायची होती. तिच्या खाचेत काहीतरी घट्ट बसलेलं होतं. अक्कांनी ते नखानं उकरून काढलं. वरून काळं, आत पांढरा कापूस. त्यांनी तो तळहातावर वळला, त्याची वात केली आणि पदराला बांधली.

"मना बाप गाडी भरीसन जिनवर जाये. हाई त् लक्ष्मीनं लाकूड शे. लाव."

"शेठचं तूच ऐकलंस ना?" मास्तर म्हणाले.

"मी आयकं. तू मास्तर शे, तू तपासाले पाह्यजे व्हतं."

दारं उन्हाळ्यात वाकली नाहीत. त्या कपाटावरून देवपुरातली आणखी तीन कामं आली. पुढे शेठही जुनं साग विकू लागले आणि वखारीवर पाटी लावली, 'जिनचं लाकूड'. ते कुठून आणायचे, मी विचारलं नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी लाकडाचं गाव आधी सांगतो, भाव मागून.