नक्षी शोधणारा योगराज

आज योगराज हसत जेवला, हेच माझ्या मनातून जात नाही. कित्येक दिवस तो ताटाकडे न बघता जेवायचा; आज त्याने मागून भाजी घेतली.

माझा मुलगा रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवतो. बुट्टा कुठे संपतो, पुन्हा कुठून सुरू होतो, हे त्याला कापडाकडे नुसतं बघून कळतं. त्या कामात नक्षी फिरून येतेच, त्याला ते रिपीट म्हणतात.

हाच डोळा घेऊन तो फोनवरच्या विमानाच्या खेळाकडे बघतो. पैसे लावायचे, विमान चढतं तसे ते वाढतात. विमान गायब व्हायच्या आत काढून घ्यायचे, नाहीतर सगळे गेले. सरकारची बंदी आली तेव्हा वाटलं, सुटलो. खेळ नाव बदलून परत आला.

"बघ मम्मी, आकडा लहान, लहान, मग मोठा. रिपीट आहे."

"दादा, विमानाला साडी नेसवणार का?" मयुरीने, त्याच्या बहिणीने, विचारलं.

"तुला नाही समजणार. काल थोडक्यात गेलं."

या 'थोडक्यात'ची मला भीती वाटते. सपशेल हरला तर तो गप्प झोपतो. थोडक्यात हरला की चेहरा उजळतो, म्हणजे नक्षी बरोबर होती, टाका तेवढा चुकला. खेळ सोडायचा तर स्वतःची नजर खोटी मानावी लागेल, आणि बारावीत नापास झाल्यापासून त्या नजरेशिवाय त्याच्या कशाचंच कोणी कौतुक केलेलं नाही.

जेवताना म्हणाला, "मनहरशेठ पहाटे नाथद्वाराला दर्शनाला निघतायत. जाताना दुकानाचा पेमेंटचा फोन माझ्याकडे देणार. बोलले, तू तो घरनो छोकरो, घरचाच मुलगा."

"कारागिरांचा पगार त्यातूनच होतो ना?"

"हां. एवढी रक्कम हातात असली ना, तर माणूस घाबरून लवकर काढून घेत नाही." मग हसला. "मजाक करतोय, मम्मी."

मयुरीसुद्धा हसली नाही.

नंतर मी त्याला म्हटलं, तो फोन घेऊ नकोस.

"एक माणूस माझ्यावर भरोसा ठेवतो, तेही तुला बघवत नाही?" त्याने दार लावून घेतलं.

मनहरशेठना सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, आणि तो मला कधी माफ करणार नाही. नाही सांगितलं तर तो त्या पैशांना हात लावेल. चोरी करतोय असं त्याला वाटणारही नाही. नक्षी पुरी करतोय, एवढंच वाटेल.

आत्ता फोन केला तर शेठ झोपेतून उठतील. उठू देत. मी करते.