विळ्याला पाणी, भरिताला आग

असोद्याला माझ्या सासरी पंगत बसली की मला चुलीपासून सगळ्यात लांबच्या पाटावर बसवतात. हा मान नाही. हा बंदोबस्त आहे.

मी जळगावात विमा कचेरीत नोकरी करतो. दिवसभर खुर्चीत बसून लोकांना आगीपासून सावध राहायला सांगणं, हे माझं काम. (हसू नका. पुढे भरपूर जागा आहे.) माझे सासरे, आबा, केळी आणि कापूस करणारे शेतकरी. माणूस अतिशय सज्जन, पण मी जावई झाल्यापासून त्यांच्या मनात एकच शंका होती. एकदा त्यांच्या घरी भिंतीवर फोटो लावताना मी खिळ्याऐवजी स्वतःचा अंगठा ठोकला, तेव्हा ती त्यांनी सासूबाईंना हळूच बोलून दाखवली होती : "जवाई चांगले हायेत, पन हातात काही नही त्यायच्या."

ते वाक्य मी ऐकलं आणि माझ्या मनात कायमचं ठोकलं गेलं. खिळा नाही गेला, हे गेलं!

आणि मग मला लोहारकामाचा छंद लागला. मोबाइलवर कोणीतरी तापलेलं लोखंड ठोकून सुरी करत होतं. मी ते बघितलं, आणखी एक बघितलं, आणि महिन्याभरात आमच्या मागच्या अंगणात भट्टी उभी राहिली. भट्टी म्हणजे भंगारातून आणलेला ट्रकचा ब्रेक ड्रम. ऐरण म्हणजे उचलताना माझी कंबर धरायला लावणारा लोखंडाचा ठोकळा. भाता म्हणजे बायकोचा हेअर ड्रायर. (तिने त्यानंतर केस उन्हात वाळवले. तक्रार केली नाही. ते तिचं मोठेपण आणि माझी लाज.)

हौशी लोहारांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. त्यात मी नवा असूनही सगळ्यांत जास्त सल्ले देऊ लागलो. टेरिलिनचा शर्ट घालून भट्टीजवळ जाऊ नये. हातोड्याआधी चांगली सांडशी घ्यावी, कारण लोखंड ठोकण्यापेक्षा धरणं अवघड. तापलेल्या पात्याला पाणी पाजायचं, म्हणजे त्याला कडक करायला तेलात बुडवायचं, तर ते तेल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावं आणि झाकण हाताशी असावं. आणि सर्वांत महत्त्वाचं : काळं दिसणारं लोखंड थंड समजू नये. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही, काळ्याला मूर्ख लावतात. हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. त्याला बरेच अंगठे मिळाले होते.

आबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. शेतात भरिताचा बेत ठरला. भाऊबंद येणार, सावद्याहून आबांचे चुलतभाऊ नाना येणार. मी जाहीर केलं, "आबांना मी स्वतःच्या हातानं विळा घडवून देणार. तिथंच, सगळ्यांसमोर!"

"घरूनच करून नेला तर?" सुनंदा म्हणाली. ही माझी बायको. तिचं म्हणणं मी नेहमी ऐकतो, नंतर.

"मग कोणाला कळणार मी केलाय ते?"

आबांना तर इतका आनंद झाला की त्यांनी सावद्यापर्यंत फोन करून सांगितलं, "आमचे जवाई लोहारकी शिकले! या पाहाले!" आता इथून पुढे जे झालं त्यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच. लोक भरीत खायला येणार होतेच. आबांनी त्यांना मला बघायला बोलावलं होतं.

थंडीची छान सकाळ होती. केळीच्या बागेलगतच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजत होती. बाजूला काड्यांचा मोठा ढीग. सासूबाई, म्हणजे आक्का, परातीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळून बसल्या होत्या. कळण्याच्या पुऱ्यांशिवाय आमच्याकडे भरीत म्हणजे मुंडावळ्यांशिवाय नवरदेव. मी घरून गाडीत घालून आणलेली भट्टी आणि ऐरण मांडली, पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढली, हेअर ड्रायर लावला, कोळसा फुलवला. लोक गोल करून उभे राहिले.

"हे डोक्याचे केस वाळवाचं मशीन नही का?" नानांनी विचारलं.

"हो, पण याला आता भाता म्हणायचं," मी म्हणालो.

"असं व्हय!" नाना म्हणाले आणि त्यांनी टोपी घट्ट केली.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा लाल झाला. मी ठोकायला सुरुवात केली. ठण्! ठण्! आबांच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! मी ठोकता ठोकता व्याख्यान देत होतो. पात्याला बाक आला. खरं सांगतो, विळ्यासारखा आला. एका काकूंनी टाळीसुद्धा वाजवली. मग पातं पुन्हा तापवलं, छान नारिंगी झालं, आणि मी सांडशीनं ते वर काढून घोषणा केली, "आता पाणी पाजायचं!"

तेव्हा आठवलं की माझा तेलाचा डबा, झाकणासकट, जळगावात आमच्या अंगणात आहे.

लोखंड वाट बघत नाही. हाही माझाच सल्ला. मी ओरडलो, "सुनंदा, तेल! तेल कुठंय?"

सुनंदा पाठमोरी कांद्याची पात चिरत होती. तिला वाटलं, मला हाताला लावायला हवंय. "ते काय, पातेल्यात!" ती मान न वळवता म्हणाली.

ते पुऱ्यांचं तेल होतं. घाण्याचं शेंगदाणा तेल, काठोकाठ. मी विळा त्यात घातला. पण विळा लांब आणि पातेलं उथळ, त्यामुळे अर्धा विळा आत आणि अर्धा बाहेर. मग जे व्हायचं तेच झालं. भक्कन् ज्वाळा उठली, माझ्या भुवयांपर्यंत! मी दचकलो, सांडशी सुटली, पातेलं कलंडलं, आणि पेटलेलं तेल उताराउतारानं थेट कपाशीच्या काड्यांच्या ढिगाकडे निघालं.

ढीग पेटला. भाजून तयार झालेली वांगी आता नव्यानं भाजायला लागली.

नानांनी पाण्याची कळशी उचलली. "नाना, पाणी नको!" मी किंचाळलो. "तेलाची आग आहे! पाण्यानं पसरते! माती टाका, माती!"

त्या दिवसातला माझा हा एकच बरोबर सल्ला. आणि तो सगळ्यांनी ऐकला, हे दुर्दैव. मिळेल ते फावडं, घमेलं, टोपली घेऊन पन्नाशी-साठीची माणसं माती टाकायला लागली. आग विझली. वांग्यांच्या जागी मातीची एक छोटीशी टेकडी तयार झाली. वांगी जिथून आली होती तिथंच परत गेली.

मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. निदान एखादी शिवी! पण मी जावई. माझ्या भुवया अर्ध्या जळलेल्या. लोक माझ्याकडे बघत होते, आणि आबा पुढे येऊन म्हणाले, "जवाईबापू, लागलं तर नही ना तुमाले?"

"नाही, नाही."

"मंग बठ्ठं ठीक हाये."

या वाक्यानं मला इतकं ओशाळं केलं की काहीतरी करून इज्जत परत मिळवायलाच हवी असं वाटलं. समोर विळा पडला होता. शांत, काळा. मी म्हटलं, वांगी गेली तर गेली, भेट तर देऊ! पुढे झालो, वाकलो, आणि विळा उचलला.

हातानं.

लोखंड काळं होतं. आणि ते कोण उचलतं, हे मी आधी लिहून ठेवलंच आहे.

माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून केळीतले बगळे उडाले. मी विळा भिरकावला. तो गेला तो ठिबकच्या मुख्य नळीवर, चर्रकन् भोक पडलं, आणि मोटार चालूच असल्यामुळे एक सुंदर कारंजं उभं राहिलं. कारंज्याचं तोंड बरोबर आक्कांकडे. आक्का नव्या पातळात नखशिखान्त भिजल्या. पण त्या उठल्या नाहीत. परातीवर पदर धरून त्या पीठ वाचवत बसल्या होत्या. भरीत गेलं, तेल गेलं, निदान पिठाच्या भाकरी थापू, असा त्यांचा विचार.

आणि मी आगआग होणारा हात घेऊन सैरावैरा धावत होतो. समोर एकच गार, ओली, मऊ गोष्ट दिसली.

मी हात मनगटापर्यंत पिठात खुपसला.

काय सांगू, इतका आराम आयुष्यात कधी वाटला नव्हता! डोळे मिटून मी "आहाहा" म्हणालो. डोळे उघडले तेव्हा आक्का माझ्यापासून वीतभर अंतरावर होत्या. केसांतून पाणी ठिबकतंय, पदर परातीवर तसाच धरलेला. माझा हात काजळीनं काळा. पीठही आता काळं.

"राहू द्या," आक्का म्हणाल्या. "बरं वाटेपर्यंत राहू द्या."

मी रडलो नाही, कारण भुवया नसलेला माणूस रडताना फार वाईट दिसतो.

मग आबांच्या पंचाहत्तरीला जमलेल्या पाहुण्यांनी काय खाल्लं? केळी. बागेत पिकलेला एक घड होता, तो मधे ठेवला आणि सगळे मुकाट्यानं सोलून खाऊ लागले. सावद्याहून, म्हणजे केळीच्याच गावाहून, नाना केळी खायला असोद्याला आले होते! ते म्हणाले, "केळं ग्वाड हाये हो." सगळ्यांनी मान डोलावली. माझ्यासाठी आबांनी स्वतः सोलून दिलं, कारण माझा हात पिठात होता.

मी कुजबुजलो, "आबा, तुम्ही मला बोला ना काहीतरी. ओरडा तरी."

आबा उठले. मग मातीतून विळा शोधून आणला. (फडक्यानं धरून. तेवढं त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं.) तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "धार नही. पन बाक मस्त आला हाये." आणि खरंच त्यांनी तो शेतातल्या खोपीत काटक्यांच्या कुडाला अडकवून ठेवला. आता त्याला ते जेवणाची पिशवी टांगतात. दर वेळी गेलो की दाखवतात : "पाहा, तुमचा विळा. लय कामाचा हाये." मी दर वेळी दुसरीकडे बघतो.

परतीच्या रस्त्यावर सुनंदा गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. जळगाव जवळ आल्यावर मीच म्हणालो, "अगं, चिडलीस का?"

"नाही."

"मग?"

"आईनं आज मला पहिल्यांदा बाजूला घेऊन विचारलं, तू सुखात आहेस ना म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो. पण तिनं माझ्या केसांकडे बघितलं."

भट्टी मी बंद केली. ग्रुपवर निरोप लिहिला की प्रकृतीच्या कारणानं सल्ले थांबवत आहे. कोणीतरी लगेच अंगठा दाखवला. इतक्या झटकन की मला थोडं वाईटच वाटलं.

या वर्षी आबांचा पुन्हा फोन आला. मेहुणीच्या मुलाचं जावळ होतं. "या जवाईबापू, नक्की या," आबा म्हणाले, मग थोडे घुटमळले, आणि अत्यंत अदबीनं पुढे बोलले, "आनि हे पाहा, यंदा काही आनू नका. हात हलवत या."

लोकांच्या जावयांना सासरी हात हलवत जायची लाज वाटते. मी गेलो, आणि फाटकातून आत शिरताना ते दोन्ही हात, सगळ्यांना नीट दिसतील असे, डोक्याच्या वर धरून हलवले. मला पाहताच आक्कांनी आधी परात उचलली, मग "या" म्हणाल्या.