दसऱ्याचं कोरडं फडकं

दसऱ्याच्या सकाळी खाली कुणी गाडी धुवायला लागलं, की ओल्या इंजिनाचा आणि झेंडूचा वास वर गॅलरीत येतो, आणि मी थेट नव्वदीतल्या पनवेलच्या एसटी स्टँडसमोर जाऊन पोचते.

तेव्हा धाकट्या दिरांनी पूजेसाठी मोटार धुताना बॉनेट उघडून इंजिनावरच पाइप धरला होता. मी म्हटलं, "भाऊजी, डिस्ट्रिब्युटरवर पाणी नको, ठिणगी पडणार नाही, गाडी बंद पडेल." ते सगळ्यांसमोर हसले. "वहिनी, गॅरेजवाल्याची मुलगी म्हणजे मेकॅनिक नव्हे. जा, रांगोळी काढा."

मी रांगोळी काढली. आणि पर्समध्ये एक कोरडं फडकं टाकलं.

पूजा होताच सगळे विचुंब्याला मामांकडे निघालो. गाडी झटके खात खात स्टँडसमोर आली आणि बंद पडली. सेल्फ मारून मारून भाऊजी घामाघूम झाले, रिक्षावाले जमले, सासूबाई करवादल्या. मी मात्र बॉनेटवरचा हार बघत गार बसले होते.

शेवटी ते खिडकीशी आले. "वहिनी, जरा बघता का?"

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

त्यांना सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणावं लागलं. मग रेशमी पदर खोचून मी उतरले, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतून कोरडी पुसली, बसवली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

तेव्हा वाटलं, फिट्टंफाट झाली. पण माझ्या वडिलांवरचं ते हसणं अजून कानात आहे. म्हणून दर दसऱ्याला भाऊजींना सोनं देते, तेव्हा आपट्याच्या पानाखाली घडी घातलेलं कोरडं फडकं असतं. ते पान कपाळाला लावतात आणि फडकं खिशात घालतात.