झूल पांघरलेली भट्टी

भट्टी आठशे डिग्रीवरून उतरायला लागली आणि लाइट गेली.

"मीच घालवली. प्रोसेसचा भाग असतो," मी समोर बसलेल्या रतिलालभाईंना म्हणालो. तेवढ्यात शेजारची पिठाची गिरणीही बंद पडली आणि माझी थाप उघडी पडली.

रतिलालभाई तापीकाठचे केळीवाले. दोनच दिवसांवर त्यांच्या मुलीचं, जयूचं लग्न. तिने हाताने चारून वाढवलेली घोडी सारंगखेड्याच्या यात्रेत शर्यतीला पळायची. इतकी जोरात, की तिची सावली दुसऱ्या दिवशी पोहोचायची. हे रतिलालभाई सांगतात. मी फक्त एक दिवस वाढवलाय. आता ती म्हातारी झालेली. सुरतेच्या सासरी, तिसऱ्या मजल्यावर घोडी नेता येईना, म्हणून जयूने हट्ट धरला, निदान काचेची तरी द्या.

फ्युज्ड ग्लास म्हणजे रंगीत काचा कापून एकावर एक रचायच्या आणि भट्टीत वितळवून एकजीव करायच्या. पहिल्या खेपेला पायच एकमेकांत वितळले आणि दोन पायांची घोडी निघाली. जयू हसलीही नाही. ही दुसरी खेप, आणि घोडीच्या तांबूस रंगाची काच आता संपलेली.

वितळवणं सोपं. खरी परीक्षा निववण्यात. भट्टी हळूहळू उतरवायची, त्याला आम्ही ॲनिलिंग म्हणतो. काच घाईने गार झाली की तडकते. हे काम कंट्रोलर करतो, आणि कंट्रोलर चालतो लाइटवर. माझी भट्टी लहान, चटकन निवणारी. आता ही घोडी तडकली तर जयू रिकाम्या हाताने सासरी जाणार.

रतिलालभाईंसोबत आलेले जयूचे मामा भट्टीच्या झाकणाकडे निघाले. झाली असेल, जरा बघू तरी, म्हणाले. खरं सांगतो, मलाही बघायचं होतं. रतिलालभाईंनी त्यांचा हात धरला.

"घोडी पयी उनी का तिले लगेच उभी करतस का आपण?"

शर्यतीहून आलेल्या घोडीवर झूल टाकतात, तिला हळूहळू फिरवतात, मगच बांधतात. रतिलालभाई जीप घेऊन गेले आणि घोडीच्या दोन जाड लोकरी झुली घेऊन आले. बाहेरचा पत्रा चटका देण्याइतकाच तापलेला. झुली चारी बाजूंनी खोचून ते भट्टीशेजारी बसले आणि तिला थोपटायला लागले. "हळू, बाय, हळू." माझ्या भट्टीशी इतक्या मायेने कोणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच.

लाइट आली तेव्हा पारा माझ्या अंदाजाच्या निम्म्यानेही उतरला नव्हता. पुढचं कंट्रोलरने सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी झाकण जयूनेच उघडलं. तडा शोधायच्या आधी तिने पाय मोजले.

"चारीच्या चारी शेतस," म्हणाली, आणि ओढणीने डोळे पुसत तशीच उभी राहिली.

घोडी सुरतेला गेली. एक झूल रतिलालभाईंनी मला ठेवायला दिली. पुढे मी जनरेटर घेतला. तरी भट्टी उतरताना झूल टाकतोच. जनरेटर बंद पडू शकतो.