ताजी भाकर खाली की वर

पंचशीला नौबादच्या एका कॉलेजात लॅबमधली मशिनं सांभाळते. घरी आली की लोज्बान उघडून बसते. लोज्बान ही कुणाच्या आईची बोली नव्हे. वाक्य एकाच तऱ्हेनं लागावं म्हणून लोकांनी ठरवून घडवलेली भाषा. तिच्यात संगणकाचे शब्द आणणारा देशोदेशींच्या हौशी मंडळींचा एक गट आहे. पंचशीलाचा पहिलावहिला शब्द आज गटाच्या होकारानं कोशात जायचा होता: 'स्टॅक', माहितीची चळत. ढिगाला तिथं 'देर्खी' म्हणतात, त्यावरून तिनं तो जुळवलेला.

तेवढ्यात फिनलंडच्या आइनोचा निरोप आला. "शब्द छान आहे. पण तुझ्या व्याख्येत आधी ठेवलेलं आधी निघतंय. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेलं आधी निघतं ना? असंच राहिलं तर मला नकार द्यावा लागेल."

पंचशीलानं कपाळावर हात मारून घेतला. हे तर पोरांना ती स्वतः सांगते! उदाहरण म्हणून तिनं घरची भाकरीची दुरडी डोळ्यांपुढं धरली होती. ती उठून चुलीपाशी गेली. तिची आई, सरुबाई, गरम भाकर दुरडीतल्या चळतीच्या खाली सारत होत्या.

"माय, ताजी खाली कामून सारायलीस?"

"आधीची आधी संपावी म्हणून. तुला आज दिसलं व्हय? इतकी वर्सं खायलीस की!"

दूध घालायला आलेल्या शेजारच्या रुद्रम्मा दारातनंच म्हणाल्या, "यव्वा! आमच्यात ताजी वरच. पाव्हण्याच्या हाताला गरम लागाय पायजे."

"आन् खालच्या वाळक्या?"

"म्हशीला."

"म्हणून तुमची म्हैस तुमच्यापरीस गुबगुबीत हाय!"

"दूध तिचंच पितीस न्हवं? गप बस."

पंचशीला हसतच आत पळाली. रुद्रम्माची दुरडी स्टॅक. आपली तर निव्वळ रांग! व्याख्या तिनं सुधारली, चूक कशी झाली तेही मोकळेपणानं लिहिलं. आइनोचं उत्तर आलं, "भाकरी कधी पाहिली नाही, पण आता स्टॅक विसरणार नाही. माझा होकार. शेजारणीला धन्यवाद सांग."

पाठोपाठ बाकीच्यांचेही होकार आले. शब्द कोशात गेला. पंचशीला बाहेर आली तर दोघी अजून चुलीपाशीच बोलत होत्या.

"रुद्रम्माअक्का, तुमच्यामुळं वाचले बगा. फिनलंडच्या बाईनं धन्यवाद सांगितलेत."

"आन् माझ्यामुळं चुकलीस म्हण की," सरुबाई फणकारल्या.

"न्हाई माय, उपकार हायेत तुझे. रांगेचा शब्द अजून कुणी केला न्हाई. तो मी करायले, आपली दुरडी धरून."

सरुबाईंनी पुढची भाकर थापायला घेतली. "त्या बाईच्या गावात जवारी मिळती का गं?"